कोर्टाच्या तारखेला जाता येत नाही: दर वेळचा माफीचा अर्ज की कायमची सूट?

केस बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या कोर्टात आणि पोट मात्र कोल्हापूर, पुणे नाहीतर गोव्यात, अशी आपल्या भागातली पुष्कळ माणसं आहेत. कुणावर मोर्चाची केस, कुणावर चेकची, कुणाचं बांधावरचं भांडण. तारीख आली की दोनच वाटा दिसतात. दर वेळी वकिलांकरवी त्या दिवसापुरता हजेरीच्या माफीचा अर्ज टाकायचा, नाहीतर एकदाच कायमची सूट मागून घ्यायची. मी आधी पहिली वाट धरली होती, मग दुसरीवर आलो. माझा कल लपणार नाही, पण प्रत्येकाची केस वेगळी असते हे धरूनच वाचा.

कलमांचा घोळ आधी मिटवू. १ जुलै २०२४ च्या आधीपासून चालू असलेल्या खटल्यांत एका तारखेची माफी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम ३१७ खाली आणि समन्सच्या केसमधली (दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची) सूट कलम २०५ खाली मागतात. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमं ३५५ आणि २२८ झाली. तुमच्या केसला कुठलं लागू होतं ते वकील सांगतीलच.

तारखेपुरता अर्ज सोपा आहे. ज्युनिअर वकील सकाळी तो टाकतो, पुकारा झाला की साहेब बहुतेक वेळा मंजूर करतात. कुठलीही हमी द्यावी लागत नाही. केस थोडक्यात मिटणारी असेल, किंवा वर्षाकाठी एखादीच तारीख चुकत असेल, तर याहून जास्त खटाटोप करू नये असंच मी म्हणेन.

मला नको झालं ते अर्जातलं कारण. माझं खरं कारण एवढंच की नोकरी लांब आहे आणि दर महिन्याला रजा मिळत नाही. पण ते दर तारखेला कसं चालणार, म्हणून अर्जात ताप यायचा, पुढच्या वेळी कंबर, त्याच्या पुढे पोट. वकिलांच्या मनात वाईट काही नव्हतं, रिवाजच तसा पडला आहे. पण माझी केस मोर्चाची. मराठीसाठी रस्त्यावर उतरलो, ते खरं मानून उतरलो, आणि त्याच केसच्या कागदावर माझ्या नावाने खोटा ताप लिहिला जायचा. हे मला सहन होईना. शिवाय एखाद्या तारखेला साहेबांनी वैद्यकीय दाखला मागितला तर देणार काय?

आणि अर्ज फेटाळला तर पुढची पायरी उतरायला वेळ लागत नाही. ऑर्डर शीटवर आज नुसतं ‘अ‍ॅबसेंट’ असतं, मग ‘एन. बी. डब्ल्यू.’ म्हणजे अजामीनपात्र वॉरंट येतं, आणि पोलिसांना तुम्ही गावातल्या पत्त्यावर सापडला नाहीत की ‘अ‍ॅबस्कॉन्डिंग’. रोज कामावर जाणारा माणूस कागदोपत्री फरारी होतो. वॉरंट आपोआप संपत नाही. ते बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत असतं. त्याच्याही पुढे जाहीरनामा निघतो, हजर व्हायला किमान ३० दिवस देतात, आणि तरीही न आल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा वेगळाच गुन्हा. ज्या मामाने किंवा शेजाऱ्याने स्वतःच्या जमिनीचा उतारा लावून जामीन दिला, त्याला बाँडची नोटीस जाते ती निराळी. अनेक आरोपींच्या केसमध्ये तर तुमच्या एकट्यासाठी सगळ्यांची तारीख पुढे जाते, किंवा तुमची केस स्प्लिट करून वेगळी काढतात आणि ती मागे लोंबकळत राहते.

कायमच्या सुटीत मला भावलं ते हे, की तिथे खरं कारणच कामाला येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये भास्कर इंडस्ट्रीजच्या चेकच्या खटल्यात सांगितलं की लांबचं अंतर, प्रकृती किंवा तसंच योग्य कारण असेल तर समन्सच्या केसमध्ये मॅजिस्ट्रेट अशी सूट देऊ शकतात. बदल्यात तीन गोष्टींची हमी: आरोपी म्हणून ओळखीबद्दल वाद घालणार नाही, आपल्या वतीने वकील हजर राहतील, आणि आपल्या गैरहजेरीत साक्षीपुरावे नोंदवायला हरकत घेणार नाही. मी अर्जात नोकरीचं गाव, अंतर आणि रजेची अडचण जशीच्या तशी लिहायला लावली. सही करताना बरं वाटलं.

आता यातली जोखीम. पहिली हमी मोर्चाच्या केसवाल्यांनी दोनदा वाचावी. मी मोर्चात होतो, ते मला नाकारायचं नव्हतंच. पण ‘मी तिथे नव्हतो, नाव उगाच घातलंय’ हाच तुमचा बचाव असेल, तर साक्षीदार पोलिसाने कोर्टात तुम्हाला ओळखणं किंवा न ओळखणं हाच केसचा जीव आहे. अशा वेळी हमीत ‘या खटल्यातला अमुक नंबरचा आरोपी मीच’ इतकंच असावं. घटनास्थळी हजर होतो असा अर्थ निघेल असा शब्द नको. ते जमत नसेल तर साक्षीच्या तारखा स्वतः गाठलेल्या बऱ्या, आणि बाकीच्यांना दिवसापुरता अर्ज.

दुसरी जोखीम वकिलांची. सूट मिळाल्यावर तेच तुमची हजेरी. ते आले नाहीत की तुम्हीही नाही. हाक मारली की फोन उचलणारे वकील नसतील तर या वाटेला जाऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

व्हिडिओवरून हजेरीचाही मार्ग आता आहे. कलम ३५५ च्या स्पष्टीकरणात ती प्रत्यक्ष हजेरीतच धरली आहे. मी तो वापरलेला नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

एकंदरीत, केस वर्षानुवर्षं चालणारी दिसत असेल, गुन्हा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा म्हणजे समन्स केसचा असेल आणि वकील भरवशाचे असतील, तर मी कायमच्या सुटीकडे झुकेन. तरी कोर्ट केव्हाही समक्ष बोलावू शकतं, आणि निकालाच्या तारखेला तर जाण्याची तयारी ठेवाच. आदेशाची नक्कल मिळाली की एक प्रत जामीनदाराच्या घरी नेऊन द्या, म्हणजे तुम्ही दिसला नाहीत तरी त्याच्या जिवाला घोर लागणार नाही.