ट्रेलरच्या फळ्यांवर पुन्हा कार्पेट की प्लास्टिकच्या पट्ट्या?

बोट ज्या लाकडी फळ्यांवर टेकते, त्यांवरचं कार्पेट विरलं की बहुतेक जण पुन्हा कार्पेटच ठोकतात. स्वस्त, मऊ, आणि फायबरग्लासच्या तळाला ओरखडे पडत नाहीत. घ्यायचं तर पॉलिप्रॉपिलीनचं, मागे रबर नसलेलं. स्टेपल स्टेनलेस स्टीलच्या, त्याही फळीच्या बाजूला किंवा खाली. वर मारली तर तळ खरवडलाच म्हणून समजा. खरी अडचण ओलाव्याची. कार्पेट पाणी धरून ठेवतं, खाऱ्या पाण्यात मीठही, आणि आतल्या आत लाकूड कुजतं. बोट ॲल्युमिनियमची आणि लाकूड तांबंयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेलं असेल, तर ओलं कार्पेट धातूला गंज चढवतं. अशा बोटीला मी कार्पेट लावणार नाही.

प्लास्टिकच्या पट्ट्या महाग, पण पाणी शोषत नाहीत आणि टिकतात. स्क्रूची डोकी मात्र पृष्ठभागाच्या आत बुडायला हवीत. उन्हात प्लास्टिक प्रसरण पावतं, म्हणून भोकं थोडी लांबट ठेवा. बोट यांवरून सहज घसरते. बोट पाण्यात उतरवायचा रॅम्प कमी उताराचा असेल तर हे वरदान, तीव्र उतारावर धोका. बोट पाण्यात तरंगेपर्यंत विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या चरखीचा) पट्टा सोडू नका.