टायरचा पिवळा दिवा आणि माझे १९,५०० रुपये

रक्कम आधीच सांगून टाकतो, कारण घरच्यांनासुद्धा पूर्ण आकडा मी महिनाभर सांगितला नव्हता. पहिल्यांदा १८,०००. दोन महिन्यांनी त्याच माणसाला, त्याच दिव्यासाठी, आणखी १,५००. एकूण १९,५०० रुपये. आणि काम काय झालं होतं? चार टायरमध्ये हवा भरली. एवढंच.

पिकअप माझी चार वर्षांची. त्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा मागे मेव्हण्याचं घरसामान होतं. कपाट, फ्रिज, पलंगाच्या फळ्या, सगळं दोरीने करकचून बांधलेलं. थंडी कडक होती. गाडी सुरू केली आणि घोड्याच्या नालेसारख्या चिन्हात उद्गारचिन्ह असलेला तो पिवळा दिवा लागला. टायरच्या हवेचा दिवा, टीपीएमएस म्हणतात तो. प्रत्येक चाकातला सेन्सर हवेचा दाब गाडीला कळवतो, त्यावर हा चालतो. स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे आले: २६, २७, २९, २८. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३५ लिहिलंय (हे सगळे आकडे पीएसआयचे, म्हणजे हवेचा दाब मोजायच्या एककाचे). म्हणजे हवा कमी होती, हे मला दिसत होतं. मी काही अगदीच अडाणी नाही. वाटेत हवा भरू म्हणून निघालो आणि अर्ध्या तासाने पहिलं टायरचं दुकान उघडं दिसलं तिथे थांबलो.

आता इथे थोडं थांबून वाचा, कारण माझी चूक इथेच झाली.

त्या माणसाने हवेची नळी हातात घेतलीच नाही. आतून हातात धरायचं एक मशीन आणलं, पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हला टेकवलं, बटण दाबलं. स्क्रीन लाल. दुसरं चाक, लाल. चारही चाकं लाल. "साहेब, चारही सेन्सर गेलेत. लोड घेऊन असे जाऊ नका. उतारावर टायर फुटला तर गाडी हातात राहणार नाही."

मी म्हणालो, "पण आकडे तर दिसतायत."

तो म्हणाला, "ते जुने आहेत, मेमरीत साठलेले. सेन्सर मेला की शेवटचा आकडा तसाच राहतो."

आणि मी गप्प बसलो. याचाच राग मला आजही येतो. घरून निघताना पुढच्या डाव्या चाकाचा आकडा २६ होता आणि दुकानाशी पोचलो तेव्हा २८ झाला होता. मी स्वतः बघितला होता, या डोळ्यांनी. चालून चालून टायर तापला, आतली हवा तापली, दाब वाढला आणि सेन्सरने तो तसा कळवला. मेमरीतला आकडा वाढतो का? जो सेन्सर दर थोड्या वेळाने नवा आकडा पाठवतोय तो मेलेला कसा असेल? हा एक प्रश्न मी तिथे उभं राहून विचारला असता तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण डोक्यात उतार होता, मागचं कपाट होतं, सारखा मेव्हण्याचा फोन येत होता. माल भरलेल्या गाडीत कमी हवेने टायर तापून फुटतो ही गोष्ट खरी आहे. त्याने खऱ्या भीतीच्या आत खोटं भरलं. म्हणून ते पचलं.

दुसरी खूण तर त्याहून ढळढळीत होती. दिवा स्थिर होता. हवा कमी झाली की दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. सेन्सर किंवा यंत्रणाच बिघडली असेल तर गाडी सुरू केल्यावर तो आधी मिनिटभर, कधी दीड मिनिटापर्यंत लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, प्लास्टिकच्या पिशवीतून चार वर्षांत बाहेर न काढलेलं. तुमचं काढा. आजच काढा.

हिशोब असा झाला. सेन्सर प्रत्येकी ३,४५० प्रमाणे चार, १३,८००. "प्रोग्रॅमिंग" प्रत्येकी ५५०, म्हणजे २,२००. व्हॉल्व्हचं किट प्रत्येकी १५०, ६०० झाले. फिटिंग आणि बॅलन्सिंग १,६००. बेरीज १८,२००. वरचे दोनशे त्याने स्वतःहून सोडले आणि मला माणूस भला वाटला. पैसे फोनवरून दिले. खातं दुकानाच्या नावावर नव्हतं, कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर होतं. पक्कं बिल मागितलं तर "मालक आले की पाठवतो" म्हणाला आणि वहीतल्या कागदावर लिहून दिलं: टायर काम, १८,०००. सेन्सर हा शब्दही त्यावर नाही.

मला त्याने आतल्या खोलीत बसवलं. पंचवीस मिनिटांत गाडी तयार. आता विचार करा, सेन्सर बसलेला असतो रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी. तो बदलायचा तर चाक उतरवायचं, हवा सोडायची, टायरची कड रिमपासून सोडवायची, सेन्सर बसवायचा, टायर चढवायचा, हवा भरायची, बॅलन्सिंग करायचं. चार वेळा. त्यात मागे सामान भरलेलं. एकटा माणूस हे पंचवीस मिनिटांत करूच शकत नाही. पण मला लवकर सुटका हवी होती, त्यामुळे लवकर झालेलं काम मला चांगलंच वाटलं. बाहेर आलो तर चारही व्हॉल्व्हवर नव्या निळ्या टोप्या. "गाडीला सेन्सर ओळखायला एक चक्कर मारावी लागते" म्हणून तो मला शेजारी बसवून दहा-बारा मिनिटं फिरवून आला. दिवा गेला. आकडे ३५ च्या आसपास. मी त्याचा हात हातात घेऊन आभार मानले.

जुने सेन्सर मी मागितले नाहीत. बदललेला भाग, मग तो बल्ब का असेना, हातात घ्या आणि मगच पैसे द्या.

दोन महिन्यांनी थंडीची लाट आली आणि दिवा पुन्हा लागला. मी पुन्हा त्याच्याकडेच गेलो, कारण "वॉरंटी" तोंडी का होईना त्यानेच दिली होती. या वेळी म्हणाला, सिस्टीम रीसेट करावी लागेल, २,८०० होतील. घासाघीस करून १,५०० वर आणलं. घासाघीस जिंकल्याच्या आनंदात घरी आलो हे लिहिताना आज हात जड होतोय.

उघडं कसं पडलं? मागच्या उजव्या चाकात खिळा गेला. माझ्या नेहमीच्या पंक्चरवाल्याने टायर उघडला आणि मी म्हटलं, जपून, आत नवा सेन्सर आहे, दोन महिन्यांपूर्वीच बसवलाय. त्याने टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. आत धुळीने माखलेला काळा सेन्सर. व्हॉल्व्हच्या नटावर पांढरी बुरशी आल्यासारखा गंज. त्याने फडक्याने पुसलं तर उत्पादनाचं साल दिसलं, माझ्या गाडीच्याच सालाचं. वर मात्र नवी निळी टोपी. पायाखालची जमीन सरकली. ८०० रुपये देऊन उरलेली तीन चाकंही उघडायला लावली. तिन्हींत तेच. रिमवरची बॅलन्सिंगची वजनंही जुनीच, चिखल वाळलेली, कुणी हात न लावलेली.

मग ते लाल स्क्रीन कसं आलं, तेही त्याच पंक्चरवाल्याने आपल्या मशीनवर दाखवलं. त्या मशीनमध्ये आधी गाडीची कंपनी, मॉडेल आणि साल निवडावं लागतं. मग ते कमी वारंवारितेचा, साधारण १२५ किलोहर्ट्‌झचा इशारा देऊन झोपलेल्या सेन्सरला जागं करतं आणि सेन्सर ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्‌झवर आपला ओळख क्रमांक, दाब, तापमान कळवतो. त्याने माझं मॉडेल निवडलं, बटण दाबलं, हिरवं. मग मुद्दाम दुसरीच गाडी निवडली. तेच चाक, तोच सेन्सर, लाल. चुकीच्या भाषेत हाक मारली तर ओ कोण देणार? तेव्हा मशीन लावताना स्क्रीनवर कुठली गाडी निवडली आहे ते वाकून बघा. दाखवायला नको म्हणाला तर किल्ली घ्या आणि निघा.

सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं चालते. ती आत कायमची बंद केलेली असते, संपली की अख्खा सेन्सर बदलावा लागतो, हे खरं आहे. पण चार वर्षांत चारही, तेही एकाच पहाटे? आणि थंडीत दिवा का लागतो, तर तापमान साडेपाच-सहा अंश सेल्सियसने उतरलं की हवा साधारण १ पीएसआयने उतरते. मी कित्येक महिने हवा तपासली नव्हती, त्यात थंडी. हवा गार टायरमध्ये भरायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना, आणि दारावरच्या स्टिकरप्रमाणे. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका. मग थोडं चालवलं की बऱ्याच गाड्यांत दिवा आपोआप जातो. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतातच, एबीएसवरून, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवरून, चाकाचा फिरण्याचा वेग मोजून अंदाज काढतात. तिथे हवा भरल्यावर मेनूतून किंवा बटणाने रीसेट करायचं. बटण दाबायचे पैसे लागत नाहीत.

आता तक्रारीचं ऐका. चारही सेन्सरचे फोटो, फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद, वहीतला कागद, सगळं घेऊन पोलिसांकडे गेलो. दीड तास बाकावर. मग एकाने कागद उलटसुलट बघून सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, ग्राहक तक्रार करा. म्हटलं, साहेब, न दिलेल्या वस्तूचे १३,८०० घेतलेत, ही फसवणूक नाही तर काय? तर म्हणे, कागदावर सेन्सर लिहिलंय कुठे? तुम्ही आधी बघायला हवं होतं. हे वाक्य मला पुढे प्रत्येक टेबलावर ऐकायला मिळालं. ग्राहक तक्रारीच्या फोनवर तीन वेळा रांगेत थांबलो, चौथ्यांदा माणूस बोलला आणि त्याला पक्कं बिल हवं होतं. पक्कं बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! कागदाचा फोटो चढवला. अकराव्या दिवशी संदेश आला, "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे." कसलं निराकरण? कुणी केलं? मला एकही फोन नाही. पुन्हा नोंदवली तर "ही तक्रार आधीच बंद आहे" म्हणून परत. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत. गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेने तर कमाल केली. बाहेर काम केलंत म्हणून आता सेन्सरच्या वॉरंटीचाच विचार करावा लागेल, असं मलाच सुनावलं. ज्या सेन्सरला कुणी हात लावला नाही त्यांची वॉरंटी! सगळीकडे मीच आरोपी आणि तो माणूस मात्र रोज सकाळी दुकान उघडतोय.

त्याच्याकडेही गेलो होतो, भावाला घेऊन. "आम्ही सेन्सर सर्व्हिस केले, बदलले असं कोण म्हणालं?" एवढंच बोलला आणि आत निघून गेला. कागदावर "टायर काम" का लिहिलं होतं ते तेव्हा कळलं. बिलावर वस्तूचं नाव, नग आणि दर लिहून घेतल्याशिवाय फोन खिशातून काढू नका. नव्या सेन्सरवर ओळख क्रमांक छापलेला असतो, तोही बिलावर लिहून घ्या.

आणि हो, स्टेपनीचं राहिलं. काही पिकअपमध्ये मागच्या हौद्याखाली टांगलेल्या स्टेपनीतही सेन्सर असतो. चारही चाकांची हवा बरोबर आणि तरी दिवा जात नसेल, तर कुणाला मशीन लावू देण्याआधी गाडीखाली वाका आणि तिची हवा मोजा. माझ्या गाडीत स्टेपनीला सेन्सर नाही, पण परवा मोजली तेव्हा १८ होती.