बाबांच्या स्ट्रोकनंतर ऑनलाईन म्युझिक थेरपी: सात-आठ महिन्यांचा अनुभव

ज्यांना थोडक्यात हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, उपयोग होतो, पण पेशंटच्या शेजारी रोज बसणारं माणूस घरात असेल तरच.

बाबांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. समोरच्याचं बऱ्यापैकी कळतं पण शब्द फुटत नाही, वाचाघात म्हणतात ह्याला. पाणी मागता यायचं नाही पण घरात आरती सुरू झाली की अख्खी म्हणायचे! पाहुणे लगेच, अहो हे तर बोलतायत की. तसं नसतं ओ, पाठ असलेलं गाणं वेगळं आणि मनातलं सांगणं वेगळं.

आमच्या म्युझिक थेरपिस्ट मॅडम पुण्याच्या, आम्ही चिपळूणला. दर आठवड्याला बाबांना गाडीत घालून कुंभार्ली घाट चढायचा म्हणजे अशक्यच, म्हणून झूमवर सुरू केलं. पद्धतीचं नाव मेलोडिक इंटोनेशन थेरपी, १९७३ च्या सुमाराला बोस्टनमध्ये निघालेली. रोजच्या कामाचं छोटं वाक्य घ्यायचं, "पाणी दे", "चहा हवा", ते दोनच सुरांत वर-खाली गायचं आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हातावर थाप द्यायची. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी एकत्र, मग थेरपिस्टने हळूहळू आवाज काढून घ्यायचा, शेवटी सूर सोडून साधं बोलायचं. मेंदूच्या उजव्या बाजूला कामाला लावायचं ही मूळ कल्पना, नेमकं काय होतं त्यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, आपल्याला त्याच्याशी काय करायचंय.

आता घोळ कुठे आहे तर "एकत्र" ह्या पायरीवर. वीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे आवाज उशिरा आला की एकत्र ताल धरणं अवघड होतं आणि व्हिडिओ कॉलला सहज शंभरच्या वर लागतात. त्यात दोघं एकदम गायले की झूम एकाचा आवाज दाबून टाकतं. मॅडमनी ह्यावर काढलेला मार्ग म्हणजे मी. त्या मला वाक्य गाऊन दाखवतात, मी बाबांचा हात धरून त्यांच्यासोबत गाते आणि मॅडम नुसत्या ऐकून मला सुधारतात, लय हळू कर, आता तू थांब, त्यांना एकट्यांना म्हणू दे. म्हणजे अर्धं ट्रेनिंग माझंच झालं, आणि खरं सांगायचं तर फरक पडला तो रोजच्या ह्या घरच्या सरावाने, आठवड्याच्या कॉलने नाही.

सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड" चालू करा, नाहीतर झूम तंबोऱ्याला गोंगाट समजून खाऊन टाकतं. ब्लूटूथ नको, त्याने अजून उशीर होतो. सरावाची रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर मागवून ठेवा, पावसात नेट गेलं तरी तेवढं चालतं.

आज बाबा ठरलेली वाक्यं बोलतात, काही सूर न लावता. नवीन वाक्य स्वतःहून जुळवणं अजून नाही, आणि गप्पा तर दूरच. अमुक राग ऐकवा बीपी उतरेल छाप ॲपही भावाने आणून दिलं होतं, ती प्लेलिस्ट आहे, थेरपी नाही, पैसे वाचवा.

आणि फी ठरवताना नेट गेल्यामुळे बुडालेलं सेशन भरून देतात का ते आधी विचारा, आम्ही आधी जिथे चौकशी करून नाव घातलं होतं तिथे पाच मिनिटांत कॉल तुटला तरी पूर्ण पैसे कापले होते.