आल्पीन ए ११० की रेनॉ ५ टर्बो: पैसे मोजण्याआधी

फ्रेंच रॅलीतली जुनी गाडी घ्यायचं मनात पक्कं झालं की घोडं शेवटी दोन नावांपाशी अडतं. एक १९७० च्या आसपासची आल्पीन ए ११० १६०० एस, दुसरी १९८० च्या दशकातली रेनॉ ५ टर्बो. दोन्ही नॉर्मंडीतल्या दिएपच्या एकाच कारखान्यातून निघाल्या, दोन्ही मॉन्टे कार्लोची रॅली जिंकल्या. चांगल्या गाड्यांचे भावही आता एकमेकांना भिडलेत, त्यामुळे ‘परवडेल ती’ हे सोपं उत्तर उरलेलं नाही. माझं मत आधीच सांगतो: यातली कुठलीही घ्या, पण चासी (गाडीचा सांगाडा) आणि कागद बघून घ्या. घोटाळे होतात ते तिथेच.

ए ११० ही दिएपच्या ज्याँ रेदेले या रेनॉ विक्रेत्याची करामत. मधोमध पोलादी कणा, त्यावर फायबरची बॉडी, आणि इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकवलेलं. १९७३ साली जागतिक रॅली अजिंक्यपद सुरू झालं ते पहिल्याच वर्षी आल्पीनने नेलं. त्या मॉन्टे कार्लोत पहिले तिन्ही क्रमांक याच गाड्यांचे होते, चालक आंद्रुए सर्वांत पुढे. मात्र कारखान्याच्या त्या गाड्यांत १८०० सीसीचं इंजिन होतं. जाहिरातीत ‘रॅली कार’ म्हणून जी निळी गाडी दिसते, ती बहुतेक वेळा पुढे चार जादा दिवे लावलेली साधी रस्त्यावरची गाडी असते. त्या चार दिव्यांचे वेगळे पैसे देऊ नका.

रेनॉ ५ टर्बोचा जन्म उलट्या दिशेने झाला. घरोघरी असलेली छोटी रेनॉ ५ घेतली, मागची सीट उडवली, तिथे १३९७ सीसीचं टर्बो इंजिन बसवलं आणि मागची चाकं सामावतील एवढे गाल फुगवले. बॉडीला बेर्तोने या इटालियन डिझाइन कंपनीत गांदिनींचा हात लागलेला. १९८१ च्या मॉन्टे कार्लोत चालक रान्योत्ती तिला घेऊन उतरले आणि थेट जिंकले.

आता आकडे. १६०० एसच्या माहितीपत्रकात १३८ अश्वशक्ती लिहिलेली असते, टर्बोच्या १६०. हे आकडे शेजारी ठेवून हिशेब करू नका, कारण आल्पीनचा आकडा जुन्या एसएई पद्धतीचा (जोडसामान काढून नुसतं इंजिन मोजायची), म्हणजे फुगलेला आहे. खरा फरक वजनात आहे. आल्पीन सुमारे ७०० किलो, टर्बो ९७० किलो. शिवाय दोन वेबर कार्ब्युरेटरचं आल्पीनचं इंजिन पाय दाबताक्षणी उत्तर देतं. टर्बोत मात्र खालच्या आरपीएमला काहीच घडत नाही. तुम्ही वाट बघता, आणि मग पाठीत एकदम धक्का बसतो. काहींना तीच गंमत वाटते. घाटातल्या वळणावर मला ती वाटत नाही.

पण वळणावर आल्पीनही साधी नाही. १६०० एसच्या मागच्या झुलत्या अ‍ॅक्सलचा स्वभाव असा, की भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग वर उचलला जातो, चाकं आत दुमडतात आणि शेपूट पुढे यायला बघते. कसलेले चालक याच खोडीचा वापर करून गाडी वळवायचे. ओल्या रस्त्यावर नवख्याने तो नाद करू नये. १९७३ नंतरच्या १६०० एससी आणि एसआय गाड्यांत मागे विशबोन (चाक सरळ धरणाऱ्या त्रिकोणी दांड्या) आली आणि हा चावरेपणा बराच कमी झाला.

बसून बघितल्याशिवाय तर पुढे बोलूच नका. आल्पीनची उंची १.१३ मीटर. आधी बूड टेकवायचं, मग एकेक पाय आत ओढायचा. पुढच्या चाकाच्या कमानीमुळे पेडल गाडीच्या मध्याकडे सरकलेले, म्हणजे कंबर सरळ आणि पाय तिरके. सहा फुटी माणसाचं डोकं छताला आणि गुडघा स्टिअरिंगला लागतो. टर्बोत माणूस माणसासारखा बसतो, फक्त इंजिन कानामागे असल्याने गप्पा ओरडून माराव्या लागतात.

तपासणीबद्दल बोलायचं तर ‘फायबरची गाडी, गंजायचा प्रश्नच नाही’ हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून हमखास येतं. बॉडी गंजत नाही हे खरं, पण बॉडीखालचा पोलादी कणा गंजतो, आणि वर फायबर डकवलेलं असल्याने दिसत नाही. गाडी लिफ्टवर चढवायला लावा, टॉर्च घेऊन खाली जा आणि मागच्या सस्पेन्शनचे जोड, कण्याची टोकं ठोकून बघा. ताजा काळा रंग फासलेला दिसला तर का फासला ते विचारा. चासी कुजलेली निघाली तर अख्खी बॉडी उतरवावी लागते आणि खर्च इंजिनाच्या कामालाही मागे टाकतो. इंजिनाची भीती तेवढी नाही. ते रेनॉ १६ च्या घराण्यातलं आहे.

टर्बोला लोहचुंबक घेऊन जा. पहिल्या मालिकेत छत, दरवाजे आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं होतं. तिथे चुंबक चिकटला तर ती एक तर १९८३ पासूनची दुसरी मालिका, म्हणजे टर्बो २ आहे, किंवा साध्या रेनॉ ५ ला गाल चिकटवून केलेली नक्कल. नकला पुष्कळ आहेत. टायरही बघा: मूळ मिशलिन टीआरएक्स, पुढे ३४० आणि मागे ३६५ मिलिमीटरच्या रिमवर. साधे इंची मापाचे टायर या रिमवर बसत नाहीत, आणि चार टायरचं बिल बघून जीव थोडा थोडा होतो.

गाडी युरोपात ठेवणार असाल तर दोन्हींना फ्रान्समध्ये संग्राह्य गाडीची नोंदणी मिळू शकते, मग तांत्रिक तपासणी पाच वर्षांतून एकदाच. पुण्या-मुंबईला आणायचा विचार असेल तर मात्र निकाल आल्पीनकडे झुकतो. पूर्वी १९५० च्या आधीच्याच विंटेज गाड्या परवान्याशिवाय आणता यायच्या. २०२५ मध्ये ही अट बदलून ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना दार उघडलं. १९८० च्या टर्बोला त्यासाठी २०३० उजाडेल. शुल्काचा आकडा ऐकून घाम फुटेलच, शिवाय विंटेज गाड्यांसाठीच्या ‘व्हीए’ मालिकेचा नंबर लागला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढीच मुभा.

महिन्यातून दोनदा, बायकोला शेजारी बसवून लांब जायचं असेल तर टर्बो २ घ्या. अ‍ॅल्युमिनियम नाही म्हणून नाक मुरडू नका, चालवताना फरक जाणवत नाही. एकट्याने, पहाटे, डोंगरात चालवायची असेल तर आल्पीन. पण चासी-इंजिनाचे नंबर कागदांशी न जुळणाऱ्या १६०० एसपेक्षा रेनॉ १२ च्या १२८९ सीसी इंजिनाची सरळ व्ही८५, म्हणजे ए ११० चीच साधी आवृत्ती, मी केव्हाही आधी घेईन. तिच्यात कोणी नंतर १६०० चं इंजिन टाकलं असेल, तर जुनं इंजिन सोबत मिळतंय का तेवढं बयाणा देण्याआधी विचारा.