मुलुंड ते फोर्ट गाडीने: ६ ला, ८ ला की साडेनऊला निघू?

मावसभावाचं ऑफिस फोर्टला शिफ्ट झालंय, मुलुंडवरून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने येणार, छेडानगरला ईस्टर्न फ्रीवे पकडणार, वेळ त्याच्या हातात. विचारत होता सेफ कधी. मी बरीच वर्षं हाच रूट करतेय म्हणून सविस्तर लिहितेय.

सहाला रोड मोकळा, धडकायला आजूबाजूला गाड्याच नसतात. पण झालाच अपघात तर मोठा होतो. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर गेले, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून पस्तीस-चाळीस. ४० ला हे सगळं मिळून २६ मीटरच्या आसपास होतं, कारण स्पीड दुप्पट केला की ब्रेकिंगचं अंतर चौपट होतं. पावसात तर विचारूच नका.

साडेनऊला बंपर टू बंपर. डेंट पडेल, आरसा जाईल, डोकं फिरेल, पण गाडीत बसलेल्याच्या जीवावर सहसा बेतत नाही. बाईकवाल्यांचं मात्र तसं नाही, ते मधल्या फटीतून जात असतात.

मला खरी भीती आठची वाटते. गाड्या भरपूर झालेल्या असतात पण स्पीड अजून उतरलेला नसतो, पुढे एकाने ब्रेक मारला की तो मागे मागे सरकत येतो आणि प्रत्येकाला आधीच्यापेक्षा जोरात दाबावा लागतो, शिवाय एक लेन थांबलेली, बाजूची पळतेय आणि थांबलेल्यातला कोणीतरी अचानक बाहेर येतो. फ्रीवेवर तर सोळाहून जास्त किलोमीटर एकही सिग्नल नाही, पाय ॲक्सिलरेटरवर सेट झालेला असतो आणि फ्रीवे संपतो त्या ऑरेंज गेटच्या अलीकडे एकदम रांग, तिचं शेपूट रोज वेगळ्या जागी. मागच्या पावसाळ्यात मी वेळेत थांबले, पण आरशात मागची पांढरी गाडी नाक खाली दाबून येताना दिसली, एक हात अंतरावर थांबली. तेव्हापासून रांग दिसली की लांबूनच हलका ब्रेक, चारही इंडिकेटर चालू आणि मागचा थांबेपर्यंत पुढे एका गाडीची जागा सोडते.

त्याला म्हटलं, झोप पूर्ण होत असेल तर सहा, आणि स्पीड ६० च्या वर नको. नाहीतर सरळ साडेनऊ, उशीर झाला तरी चालेल. आठ नको. त्याने सहा ठरवलंय, पहिला आठवडा मी बाजूला बसणार आहे.