इंदूरच्या सियागंजातलं बिजागऱ्यांचं दुकान: चार तारे, पाचवा का कापला ते खाली

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण सेठनी बजावलंय. "लिखो काका, शौक से लिखो, पर नाम मत डालना. लोग फोटो खींचकर ले जाते हैं और माल मोबाइल पर मँगवाते हैं." म्हणून नुसती खूण सांगतो. सरवटे स्टँडच्या बाजूने सियागंजात शिरायचं, मिरची-हळदीच्या पोत्यांपाशी दोन-चार शिंका द्यायच्या आणि हार्डवेअरच्या ओळीत असं दुकान शोधायचं जिथे खणांवर चिठ्ठ्या नाहीत. प्रत्येक लाकडी खणाच्या तोंडावर आतली वस्तूच ठोकलेली आहे. कडीच्या खणावर कडी, मुठीच्या खणावर मूठ, आकड्याच्या खणावर आकडा. मी मोजायला लागलो, एकशेचाळीसपर्यंत पोचलो आणि मागच्या गिऱ्हाइकाने ढकललं.

काम तसं साधं होतं. रामबागेतल्या आमच्या घराचं पुढचं दार सागवानी, वडिलांच्या वेळचं, तीन पितळी बिजागऱ्यांवर उभं. गेल्या पावसाळ्यात तिन्हींच्या खिळी झिजून दार खाली बसलं आणि उंबऱ्याला घासायला लागलं. सुतार म्हणाला, काका, स्टीलच्या लावून टाकू. एका मोठ्या, काचेच्या दुकानातल्या पोराने मान वर न करता "चार इंची" म्हणून चकचकीत पाकीट सरकवलं. घरी आणून लावून पाहिलं तर जुन्या भोकांशी एक भोक जुळेल तर शपथ. नवी पाडायची म्हणजे चौकट चिरायची.

बोहराजींनी (म्हणजे त्याच सेठनी; आम्ही जुनी इंदुरी माणसं अजून असंच म्हणतो) माझी मोडकी बिजागरी हातात घेतली. नखाने वरचा ऑइलपेंट खरवडला, उलटी केली, खिळीवर अंगठा फिरवला. पट्टी लावलीच नाही. "साढ़े चार है. पुराना माप. मेरे पास दो पड़ी हैं, तीसरी अलीगढ़ से बनवानी पड़ेगी." नोकराला शिडीवर चढवलं. माळ्यावरून 'नईदुनिया'च्या पिवळ्या पडलेल्या पानात गुंडाळलेला पुडा आला. आत दोन बिजागऱ्या, काळवंडलेल्या, पण खीळ अशी गच्च की हलवली तरी आवाज नाही. "अब्बा ने रखी थी."

इथे माझ्यातला बँकेचा कारकून जागा झाला. चौतीस वर्षं कर्जखात्यात काढलीत. म्हटलं, सेठ, इतकी वर्षं माल पडून, भांडवल अडकलेलं. त्यावरचं व्याज धरलंत तर या दोन नगांची किंमत काय होईल? ते हसले. "ब्याज का हिसाब लगाते ही नहीं, काका. ब्याज पर पैसा लिया ही कब?"

मग स्टूल आलं, चहा आला, आणि दुकानाचं परीक्षण बाजूला राहून मी त्या वाक्याचंच परीक्षण करत बसलो. सेठ दाऊदी बोहरा, म्हणजे शिया मुसलमानांतल्या व्यापारी समाजातले. त्यांच्यात 'करज़न हसना' म्हणजे बिनव्याजी कर्ज. ज्यांच्याकडे चार पैसे जास्त आहेत ते लोक फंडात ठेवतात, परत मिळण्याच्या बोलीवर. ज्याला लागतात तो सोनं तारण ठेवून किंवा समाजातले दोन जामीन देऊन उचलतो आणि हप्त्याने फेडतो. सेठच्या पुतण्याचं राणीपुऱ्यातलं दुकान तसंच उभं राहिलं. मी सवयीने विचारलं, थकबाकी किती असते? तर म्हणाले, "मस्जिद में रोज़ मिलते हैं. भागकर जाएगा कहाँ?" आमच्याकडे वसुलीला अख्खा विभाग होता, जीपसकट!

बोलता बोलता दुपारचा डबा आला. गोल, स्टीलचा, एकावर एक बसणारे खण आणि झाकणावर नंबर. हा घरून आलेला नव्हता. म्हणजे घरूनच आला, पण शिजला होता समाजाच्या स्वयंपाकघरात. 'फ़ैज़ुल मवाइद अल बुरहानिया' असं त्या व्यवस्थेचं भारदस्त नाव, बावन्नावे दाई (म्हणजे समाजाचे सर्वोच्च धर्मगुरू) सय्यदना मुहम्मद बुरहानुद्दीन यांनी घालून दिलेली. गरीब-श्रीमंत, घर कुठलंही असो, एका वेळचं जेवण तिथून जातं. ज्याची ऐपत जास्त तो जास्त देतो आणि डबा सगळ्यांचा सारखा. गावाला जायचं असेल तर आधी कळवायचं, कारण अन्न टाकणं त्यांच्यात मोठा गुन्हा. सेठची सून त्या वाचलेल्या दोन-तीन तासांत रिदा (बोहरा बायकांचा झगा-बुरखा) शिवते आणि पुण्या-सुरतेपर्यंत पाठवते. हे घरी येऊन सांगितल्यावर आमच्या सौ. काय म्हणाल्या ते परीक्षणात लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शटर बंद. तिसऱ्यांदा गेलो, बंदच. बाजूचा दोरवाला म्हणाला, मोहर्रम चालू आहे, अशरा, म्हणजे पहिले दहा दिवस. दहावी तारीख होईपर्यंत बोहरे मजलिसीत, प्रवचनं ऐकत, गल्ला बंद म्हणजे बंद. मला खरंच राग आला. लोकमान्यनगरचा सुतार रोजावर बोलावलेला, दार काढून भिंतीला टेकवलेलं, आणि रात्री उघड्या घरात मी काठी घेऊन झोपलेलो. शटरला साधी चिठ्ठी नाही! याबद्दल अर्धा तारा गेलाच.

दुकान उघडल्यावर भांडायला गेलो तर सेठनी निमूटपणे भिंतीवरचं मिसरी कॅलेंडर काढून हातात दिलं. "अगले साल देखकर आना." मग कळलं की यांचं पंचांग चंद्र दिसण्यावर नाही, गणितावर चालतं. एक महिना तीसचा, दुसरा एकोणतीसचा, आणि ३० वर्षांच्या चक्रात ११ वर्षं एकेक दिवस जास्तीची. आपल्या अधिक महिन्यासारखंच, पण आमच्याकडे अधिक महिना आला की दर खेपेला सगळे नव्याने दचकतात. यांना नातवाच्या म्हातारपणीचा रमज़ान कुठल्या तारखेला पडेल ते आज सांगता येतं. आता ते कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयाच्या शेजारी आहे.

अशरा म्हटलं की इंदूरला २०१८ आठवतं. त्या वर्षी त्रेपन्नावे दाई सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांचे वाअज़, म्हणजे प्रवचनं, इथे झाले आणि १४ सप्टेंबरला पंतप्रधानही सैफी मशिदीत येऊन गेले. बाहेरगावचे पाहुणे घरोघरी उतरवलेले, पोरं हातात याद्या घेऊन चौकाचौकांत उभी. सेठच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांना कुठल्या मजल्यावर पाणी कमी येतं तेही आधी कळवलेलं होतं म्हणे. हे म्हणे सेठचं, माझं नाही.

पण मला खरी चुटपुट लागली ती भेंडीबाजारच्या गोष्टीने. सेठची मेहुणी तिथे राहते. २००९ मध्ये सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट निघाला. मुंबईतली साडेसोळा एकर जागा, अडीचशेच्या आसपास मोडकळीला आलेल्या चाळी, सुमारे ३,२०० कुटुंबं, साडेबाराशे दुकानं. त्यात बोहरे नसलेलेही. एकेकाशी बोलून, तात्पुरत्या घरात हलवून, जुनं पाडून टॉवर उभे करायचे. मेहुणी कित्येक वर्षं तात्पुरत्या खोलीत राहिली आणि कुरकुरली, भरपूर कुरकुरली, पण कागदावर सही पहिल्या खेपेलाच केली. आमच्या एका मंडळाच्या (नाव नको) सभागृहाची कोनशिला मी नोकरीला लागलो तेव्हा बसली. मी निवृत्त झालो. वर अजून पत्रेच आहेत. मधल्या काळात तीन कार्यकारिणी झाल्या, दोन फुटल्या आणि कोनशिलेवरच्या नावांच्या क्रमावरून एक भांडण कोर्टापर्यंत गेलं.

सेठना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी खिळे तोलता तोलता १८१३ ची गोष्ट काढली. काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा त्रेचाळिसावे दाई अब्देअली सैफुद्दीन यांनी बारा हजार माणसांना सुरतेला बोलावून घेतलं. खाऊ-पिऊ घातलं, पण अट अशी की प्रत्येकाने एखादा हुन्नर शिकायचा. मजुरी जमा ठेवली आणि गावी परतताना हातात दिली. सेठनी हे अशा सुरात सांगितलं जणू पलीकडच्या गल्लीत गेल्या आठवड्यात घडलंय.

आता दुसरी बाजू. चहा प्यायलो म्हणून गप्प बसणार नाही. हे सगळं एका गादीच्या, म्हणजे दाईंच्या, शब्दावर चालतं, आणि त्या शब्दाबाहेर गेलेल्याला डबाही नाही, कर्जही नाही, कबरस्तानाचीही पंचाईत. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच समाजाच्या एक्कावन्नाव्या दाईंच्या खटल्यात रद्द झाला. गादीला प्रश्न विचारणाऱ्या उदयपूरच्या बोहरा सुधारकांनी सत्तरच्या दशकापासून काय सोसलं ते जुन्या वाचकांना आठवत असेल. आणि इतकं पुढचं बघणाऱ्यांतही २०१४ मध्ये गादीचा वारस कोण यावरून जो वाद झाला, त्याचा मुंबई उच्च न्यायालयात दहा वर्षं चालून २०२४ मध्ये निकाल लागला. सेठना विचारलं तर म्हणाले, "काका, आप बिजागरी लेने आए थे." बरोबर आहे. माझ्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी त्यांची बेरीज करू शकलेलो नाही.

दुकानाकडे येतो. भाव पक्का, घासाघीस केलीत तर सेठ नुसते टोपीची सोनेरी कड सारखी करतात. पितळी स्क्रू मोजून देतात, दोन जास्तीचे, न मागता. बिल हाताने, पण जीएसटीसकट. घरपोच सेवा मात्र घेऊ नका. मला बिजागरीऐवजी कुणाच्या तरी पडद्याच्या कड्या आल्या आणि माझे स्क्रू, बहुधा, त्या माणसाकडे गेले. उरलेला अर्धा तारा तिथे गेला.

तिसरी बिजागरी "बीस दिन" सांगून सात आठवड्यांनी आली. पहिल्या दोघींपेक्षा सत्तर रुपये महाग, पितळ चढलंय म्हणाले. आणायला गेलो तर काउंटरवर एक डझन मांडलेल्या. म्हटलं, मला एकच हवी होती. "आपकी एक ही है." माझी बाजूला काढून दिली. बाकीच्या अकरा त्या दिवशीच्या पेपरात गुंडाळल्या, वर पेन्सिलीने 'साढ़े चार' लिहिलं आणि नोकराला पुन्हा शिडी लावायला सांगितली.