बाबांच्या पॉलिसीचा ‘बोनस’ आणि आईची मोडलेली एफडी

आईची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. घरातला कर्ता माणूस गेला की त्या घरी पैसे उकळणारे फसवे फोन येतात, आणि ते ओळखणं वाटतं तितकं सोपं नसतं.

बाबा गेले आणि दिवसकार्य उरकायच्या आत कागदपत्रं मागे लागली. मृत्यूचा दाखला, कुटुंब पेन्शनचा अर्ज, शेताची वारस नोंद, वीजबिलावरचं नाव, बँकेतलं संयुक्त खातं. हे सगळं आजवर बाबाच बघायचे. आई मिरजेत एकटी, मी पुण्यात, भाऊ बेंगळुरूला. रोज कुठून तरी फोन यायचा, काही तरी मागायचे, आई झेरॉक्स काढून नेऊन द्यायची. त्यातच एक फोन आला, ‘विमा लोकपाल कार्यालय, दिल्ली’मधून.

बोलणारा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. बाबांनी एका खासगी कंपनीची पॉलिसी घेऊन दोन हप्त्यांनंतर सोडून दिली होती. आम्हीही ती विसरलो होतो. या माणसाकडे तिचा क्रमांक होता, बाबांची जन्मतारीख होती, हप्त्याची रक्कम होती. ‘एजंटाने कमिशन लाटलंय, तुमचा ४ लाख ८० हजारांचा बोनस अडकलाय, मी सोडवून देतो,’ असं तो म्हणाला. आधी फाइल चार्ज १२,५००. मग जीएसटी ३८,०००. मग टीडीएस ७१,०००. शेवटी एनओसीसाठी १ लाख १० हजार. एकूण २ लाख ३१ हजार ५०० रुपये. शेवटच्या रकमेसाठी आईने एफडी मोडली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलंसुद्धा, ‘काकू, एवढी घाई का?’ आईने ‘घराच्या दुरुस्तीला’ असं सांगितलं, कारण तेच उत्तर तिला फोनवर पढवलेलं होतं.

आणि मुलांना कळू द्यायचं नाही, हेही. ‘वारस म्हणून त्यांच्याही सह्या लागतील, फाइल सहा महिने मागे पडेल.’ माझ्या मते सगळा डाव या एका वाक्यावर उभा होता. आईला वाटत होतं, आपण मुलांची धावपळ वाचवतोय, बाबांचं राहिलेलं एक काम आपल्या हाताने पुरं करतोय. तिला पैशाचा मोह झाला असं जे नातेवाईक म्हणतात, त्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

मी वर्षश्राद्धाला गेले तेव्हा पासबुक भरून आणलं आणि एफडी बंद झालेली दिसली. आईने कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या पावत्या काढल्या. वर अशोकस्तंभ, खाली जांभळा गोल शिक्का, बाबांचं नाव अगदी बरोबर. पैसे मात्र दरवेळी कुणा वेगळ्याच माणसाच्या बचत खात्यात गेले होते. सरकारी कार्यालयाचे पैसे कुणाच्या खासगी बचत खात्यात जमा होत नाहीत. त्या पावत्यांवर एवढं एकच पाहिलं असतं तरी पुरे होतं.

बाकीचं आम्हाला नंतर समजलं. विमा नियामक आयआरडीएआयचं मुख्यालय हैदराबादला आहे. ते पॉलिसी विकत नाहीत, बोनस जाहीर करत नाहीत, वाटतही नाहीत. विमा लोकपाल म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी, त्यांच्याकडे तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुण्यासह त्यांची कार्यालयं आहेत. टीडीएस हा कर मिळणाऱ्या रकमेतून कापतात, आधी भरून घेत नाहीत. जुनी पॉलिसी खरंच अडकली असेल असं वाटलं, तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर दावा न केलेल्या रकमा शोधायची सोय असते. बँकांतल्या विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल २०२३ पासून आहे. विम्याच्या तक्रारीसाठी १५५२५५ हा क्रमांक आहे.

पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. लाजत बसू नका, ‘आधी घरात बोलू’ म्हणून थांबू नका. समोरच्याच्या खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात, आणि ही मंडळी ते काही तासांत पुढे फिरवतात. आमचे पहिले तीन व्यवहार फार जुने झाले होते. शेवटच्या रकमेतले १९,००० एका खात्यात अडकवले गेले. तेही अजून हातात आलेले नाहीत.

ज्यांच्या घरी अलीकडे कुणी गेलं आहे, त्यांनी एक करा. आई, काकू, मावशी, जी मागे राहिली आहे, तिच्याजवळ बसून सगळ्या पॉलिसी आणि ठेवींची यादी एका वहीत लिहा. कुठून काय येणं आहे हे तिला ठाऊक असू द्या. आणि कुठलाही फोन आला तर ‘माझ्या मुलीशी बोला’ म्हणायची तिला मुभा आहे, हे तिला स्पष्ट सांगा. अनेक बायकांना ती मुभाच वाटत नाही.

हे प्रकरण अजून संपलेलं नाही. गेल्या महिन्यात आईला ‘सायबर सेलमधून’ फोन आला. तुमचे गेलेले पैसे सापडलेत, परत पाठवायला ६,२०० रुपये प्रक्रिया शुल्क भरा. तक्रारीतली रक्कमसुद्धा त्यांना तोंडपाठ होती. एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात, त्यामुळे असा फोन तुम्हालाही येऊ शकतो. आईने तो कापला आणि मला लगेच कळवलं. तो नंबर आम्ही तक्रारीत जोडला आहे.